भडक गुलाबी

‘मूर्ख’ हा शब्द तोशिहारूच्या नाकासमोर आला तेव्हा त्याला आधी शब्द दिसलाच नाही, नुसता रंग दिसला. असा गुलाबी त्यानं आजवर फक्त पाचिन्कोच्या जुगारअड्ड्यांच्या पाट्यांवर आणि स्वस्तातल्या मिठाईवर पाहिला होता. कागदावरून उठून तो थेट डोळ्यांत बोट घालत होता. शाई अजून ओली होती, दिव्याखाली चकाकत होती. मग हळूहळू रेघा वेगळ्या झाल्या, शब्द लागला, आणि कागदाच्या वर त्याच्या धाकट्या बहिणीचं, सुमिएचं तोंड दिसलं. बासष्ट वर्षांची बाई, आणि चेहऱ्यावर भाव असा की फळ्यावर मास्तरांचं चित्र काढून जागेवर येऊन बसलीय.

“वाचता येतंय का?” तिनं विचारलं. तिचा आवाज गेले काही महिने वाळूवरून फळी ओढल्यासारखा येत होता.

“येतंय.”

“लांबून?”

“लांबूनही.”

“मग झालं तर. हा शब्द मला रोज लागणार. ऑपरेशननंतर तुझ्याकडे राहायचं म्हणजे.”

टेबलापलीकडची दुकानातली मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तोशिहारूला हे हसणंही आवडलं नाही. एकूण हे दुकानच त्याला आवडलं नव्हतं. खाली हामानोमाचीच्या बाजारात माणसं निदान कांदे-मासे घेऊन हिंडत होती, इथं वरच्या मजल्यावर एका लांब टेबलाशी तीन-चार बायका औषधाच्या असाव्यात तशा छोट्या बाटल्या पुढं मांडून बसल्या होत्या, काचेची लेखणी एकेका बाटलीत बुडवत होत्या, एक रेघ ओढत होत्या आणि “अगंबाई!” म्हणत होत्या. रेघ. बस, एवढंच. त्या कुणालाही काहीही लिहायचं नव्हतं. ज्यांना लिहायला काही नसतं तीच माणसं शाया जमवतात, असं त्याचं मत दुकानात शिरल्या शिरल्या झालं होतं आणि आता ते पक्कं झालं होतं. त्यानं सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढली होती. ‘पुढील भागात पाणीपुरवठा बंद राहील’ हे वाक्य त्यानं किती वेळा काळ्या शाईत लिहिलं होतं याला गणती नव्हती, आणि ते वाचून लोकांनी खरोखर बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्याला लिहिणं म्हणतात. घरी, खाजगी कामाला तो निळीकाळी वापरत असे. याखेरीज आणखी रंगांची माणसाला गरज असते असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सुमिएचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरनं एका चिठोऱ्यावर घशाचं चित्र काढून दाखवलं होतं. चित्र गचाळ, अक्षर त्याहून गचाळ. यापुढं श्वास गळ्यातल्या भोकातून, आवाज नाही. पुढंमागं अन्ननलिकेतून बोलायला शिकता येईल, काही जणांना जमतं, असं तो डॉक्टर म्हणाला होता; त्यातलं ‘काही जणांना’ तोशिहारूनं बरोबर ऐकलं होतं आणि सुमिएनं ऐकलं नसल्यासारखं केलं होतं. त्याच्या बायकोनं, कानाएनं, फोनवरचं बोलकं यंत्र तिला दाखवलं होतं. टाइप करायचं, मग आतली बाई ते वाचून दाखवते. सुमिएनं त्या बाईला एकच वाक्य बोलायला लावलं आणि फोन परत दिला. “वहिनी, ही तोक्योची आहे. हिला आपल्यासारखं खेकसता येत नाही.” मग तिनं जाहीर केलं, की ती पेननं बोलणार, आणि पेनात कोणती शाई हे आधी ठरवणार. “आवाज निवडायचाय, दादा. एकटीनं कसा निवडू? ऐकणारं कुणीतरी नको?” म्हणून गुरुवारच्या दुपारी, ऊन असताना, त्याला इथं ओढून आणलं होतं. मरणाच्या दारातही या बाईला तमाशा लागतो, असं तो ट्रामच्या थांब्यावर मनात म्हणाला होता. तमाशा हाच शब्द. याहून सौम्य शब्द त्यानं शोधलाही नव्हता.

दुकानातली मुलगी सुरुवातीला म्हणाली होती, की नवी शाई बघताना बहुतेक लोक ‘शाश्वत’ या अर्थाचं चित्राक्षर लिहितात, त्या एकात लेखणीची सगळी वळणं येतात. “शाश्वताशी माझं काय काम?” असं म्हणून सुमिएनं काचेची लेखणी हिरव्या शाईत बुडवली आणि लिहिलं ‘पाणी’. देवळातल्या तळ्यासारखा हिरवा. मान तिरकी करून तिनं बघितलं. “हा म्हाताऱ्या न्हाव्याचा आवाज.” तपकिरीत ‘दुखतंय’ लिहिलं; “यात दुखत नाही, नुसतं कुरकुरतं.” राखाडीत ‘दार लावा’ लिहून तिनं कागद लांब धरला आणि म्हणाली, एवढ्या हळू आवाजात सांगितलं तर कोण लावील दार? तोशिहारूनं निळ्याकाळ्याची बाटली पुढं सरकवली होती. नर्सेस वाचणार, डॉक्टर वाचणार. माणसाला गंभीरपणे घेतलं पाहिजे. सुमिएनं त्यात ‘नको’ असं लिहिलं आणि कागद त्याच्याकडे वळवला. “हा तुझा आवाज. नोटीस डकवल्यासारखा.” मग तिचा हात त्या गुलाबीकडे गेला. दुकानानं स्वतःच करवून घेतलेली शाई, नाव ‘उतारावरची अझेलिया’. अझेलियाची फुलं कधी असल्या रंगाची असतात? वाळल्यावर, मुलीनं सांगितलं, जिथं शाई साठते तिथं हिरवट सोनेरी झाक येते. ती खरोखरच आली. ‘मूर्ख’च्या शेवटच्या रेघेच्या टोकाला आली. सुमिए आणि ती मुलगी दोघी डोकी जोडून बघत बसल्या. माशीच्या पंखावर असते तसली झाक होती. तोशिहारूनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“आता माझ्याशी भांड,” सुमिए म्हणाली.

“काय?”

“भांड. तू बोल, मी लिहून उत्तर देते. पाणी-बिणी कुणीही मागेल. भांडता येतं का यात ते बघायचंय.”

“लोक बसलेत इथं.”

“मग हळू भांड.”

त्याला भांडायचं नव्हतं. पण खोलीचा विषय तसाही काढायचाच होता. ऑपरेशननंतर तिनं त्यांच्या घरी राहायचं असं ठरलं होतं, कानाएनं मागची खोली रिकामी केली होती, आणि सुमिए दोन दिवसांपासून ‘थोडेच दिवस हं’ म्हणायला लागली होती. तिचं बिऱ्हाड टेकडीवर, जिथं गाडीच काय सायकलही जात नाही अशा पायऱ्यांच्या माथ्यावर होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, की घशाला भोक असलेल्या बाईनं त्या पायऱ्या चढायच्या, ही कल्पना फक्त तिलाच सुचू शकते. तिनं झरझर लिहिलं, ‘पायऱ्या पायांनी चढतात.’ तो म्हणाला, रात्री-अपरात्री काही झालं तर हाक कुणाला मारणार? तिनं लेखणी पुन्हा बुडवली. मग तिनं लिहिलं, ‘आत्ता तरी कुणाला मारते?’

गुलाबीत ते वाक्य भलतंच निर्लज्ज दिसलं. तोंडानं बोलली असती तर त्यात थोडा खोकला मिसळला असता, थोडं हसू; पुसून टाकता आलं असतं. आता ते कागदावर पडून राहिलं, वरून चकाकत राहिलं. त्याला राग आला. “तोच तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. “एक माणूस धरून ठेवता आलं नाही तुला आयुष्यात.” तिनं लिहिलं, ‘तुला आलं? वहिनीनं तुला धरून’ आणि लेखणी कोरडी पडली. शाई संपली. तिनं ती बाटलीकडे नेली, बुडवली, काठाला टेकवून जास्तीची गाळली, आणि तेवढ्या वेळात तोशिहारूला कळलं, की आता आपण बोलू शकतो. तो बोलला. बारचं बोलला, शिआनबाशीच्या गल्लीत तिनं चालवलेला तो कोंदट बार, सिगरेटी, पहाटेपर्यंत माइकवर ओरडणं, घसा काय दगडाचा होता? ती ‘ठेवलं’ एवढंच लिहू शकली होती. पुढचं वाक्य तिनं धरलं, तेही मध्येच कोरडं झालं, आणि त्या फटीत त्यानं आईचं आजारपण घातलं. लहानपणापासून या मुलीशी भांडणात तो कधी जिंकला नव्हता. ती पाच वर्षांनी लहान, पण जीभ अशी, की त्याला उत्तर सुचायचं ते दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर. आता ती बुडवत होती आणि त्याला एकामागून एक उत्तरं सुचत होती. त्याच्या लक्षात आलं, की आपण मुद्दाम तिच्या हाताकडे बघतोय, लेखणीतला रंग फिका पडू लागला की वाक्याची तयारी करतोय. हे चांगलं नव्हतं. पण छान वाटत होतं.

“अरे थांब की! शाई संप—” सुमिए मोठ्यानं म्हणाली आणि खोकायला लागली. खोकला लांबला. टेबलावरच्या बायकांनी मान वर केली, एकीनं आपल्या बाटल्या जवळ ओढून घेतल्या. दुकानातली मुलगी पाणी आणायला धावली. सगळे बघत होते. तिच्याकडे नव्हे, आपल्याकडे, असं तोशिहारूला वाटलं.

“गप्प बस,” तो म्हणाला. “पुरे झाली तुझी बडबड. जरा गप्प बस आता.”

खोकला थांबल्यावर सुमिएनं तोंड पुसलं. लेखणी बुडवली. कागदाच्या तळाशी लिहिलं, ‘बरं.’ मग पाणी घेऊन आलेल्या मुलीकडे वळून ती त्या वाळूच्या आवाजात म्हणाली, “हीच. मोठी बाटली द्या.”

त्यानंतर ती बोलली नाही. दुकानाच्या जिन्यात नाही, बाजारात नाही. ट्राममध्ये ती खिडकीशी बसली, मांडीवर कागदी पिशवी. तोशिहारू तिच्या शेजारी बसून समोरच्या जाहिराती वाचत राहिला. रुसली आहे, असं त्यानं ठरवलं. बासष्टाव्या वर्षी रुसणं, ठीक आहे. या शांततेत त्याला बरं वाटायला हवं होतं. तिच्या आवाजानं त्याला आयुष्यभर छळलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती बसगाईड झाली, टोपी, पांढरे हातमोजे, हातात माइक. आईला केवढं कौतुक. आणि एका वर्षी पाणीखात्याची सहल उन्झेनच्या डोंगरावर, गरम झऱ्यांना निघाली तेव्हा बसच्या दारात ती उभी. पहिल्या वळणापर्यंत तिनं साळसूदपणे डोंगर दाखवले. मग म्हणाली, आता सर्वांनी डावीकडची चौथी रांग पाहावी, तिथं माझे थोरले बंधू बसले आहेत, हे इयत्ता तिसरीपर्यंत विजेच्या कडकडाटाला घाबरून माझ्या पांघरुणात शिरत असत, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बस हसली. खात्याचे प्रमुख हसता हसता डोळे पुसायला चष्मा काढून बसले. आणि मग तिनं गाणं म्हटलं, चढणीची सगळी वळणं गाडी घेत होती आणि ती एका हातानं दांडी धरून गात होती, आवाज असा स्वच्छ की मागच्या बाकावरचे प्यायलेलेही गप्प झाले. पुढं कित्येक वर्षं खात्यात कुणीही ढग आले की त्याच्याकडे बघून विचारायचं, “इवानागा, पांघरूण आणलंय ना?” त्याला बढती मिळाली त्या समारंभातसुद्धा. लोकांना गाणं आठवत नव्हतं, पांघरूण आठवत होतं. त्याला दोन्ही आठवत होतं, आणि हे दुसरं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तोशिहारूच्या घरी, जिथं ती भरती होईपर्यंत उतरली होती, सुमिएनं आपल्या जुन्या पेनात ती शाई भरली आणि जेवणाच्या टेबलावर वह्यांच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. पेनाला बुडवावं लागत नव्हतं. रात्रीच्या जेवणात ‘सोया सॉस’ आलं, ‘माशाला आणखी दोन मिनिटं हवी होती’ आलं, ‘वहिनी, तुझा नवरा चघळतो तेव्हा कान हलतात’ आलं. कानाए हसून लोटपोट. तीही मग मुद्दाम लिहून उत्तरं द्यायला लागली, गुलाबीतच, पेन मागून घेऊन. दोन म्हाताऱ्या शाळकरी पोरींसारख्या कागद सरकवत होत्या आणि तो मध्ये बसून पंक्तीतला परका पाहुणा असावा तसा वाटीतलं सूप पीत होता. डॉक्टरनंच घसा वापरू नका म्हणून सांगितलंय, कानाए म्हणाली, बरंच झालं की. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा हिनं कधी ऐकलं होतं? हे माझ्यासाठी चाललंय, त्याला वाटलं, मला धडा शिकवायला. आपल्या शेवटच्या आवाजाचे तीन दिवस भावाच्या नाकावर टिच्चून फुकट घालवणारी बाई. असल्या हट्टाला तुच्छतेशिवाय दुसरं काय द्यायचं?

शुक्रवारी सकाळी त्यानं न्हाणीघरातून हाक मारली, “सुमिए, साबण कुठाय?” साबण त्याच्या हातात होता. भिंतीवर तीन टकटका आल्या आणि दाराखालून एक कागद आत सरकला. वाफेनं त्याची अक्षरं विरघळून फरशीवर गुलाबी ओघळ गेला, तो त्यानं पायानं पुसला. दुपारी तो सिगरेटीला म्हणून बाहेर पडला. सिगरेट त्यानं सोडून जमाना झाला होता. कोपऱ्यावरून त्यानं घरच्या फोनवर फोन केला. कानाए बाजारात गेली होती, हे त्याला ठाऊक होतं. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला.

“हॅलो,” तो म्हणाला. “कोण बोलतंय?”

पलीकडे श्वास. फळी ओढल्यासारखा.

“हॅलो? इवानागांचं घर ना? अहो, कोण बोलतंय तिकडून?”

नखानं फोनवर टिचकी वाजली. एक. मग जरा थांबून दुसरी. तो कानाला फोन लावून उभा राहिला. समोरून पिशव्या घेतलेली शाळेची मुलं गेली. जे म्हणायला हवं होतं ते फार सोपं होतं, ते ‘गप्प बस’ मागं घेणारं, चार शब्दांचं, पण ते म्हटलं असतं तर ती जिंकली असती. पांघरुणापासून ते आजपर्यंत प्रत्येक वेळी तीच. त्यानं फोन बंद केला आणि घरी जाताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यात भरती झाली. तिथं तर तिला खेळायला मैदानच मिळालं. भूल देणारा तरुण डॉक्टर आला, प्रश्न विचारू लागला, तिनं गुलाबीत उत्तरं लिहिली, त्यानं वाचून कागदाचं कौतुक केलं, शाईचं नाव विचारलं, माझ्या बायकोला दाखवायचंय म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपल्या नातवाचं नाव गुलाबीत लिहून घेतलं. तोशिहारू खुर्चीत बसून हे बघत होता. ही माणसं इतकी सहज फसतात. घशात गाठ असलेल्या बाईनं रंगीत शाई वापरली की हिला केवढं धैर्य म्हणून माना डोलावतात. निळ्याकाळ्यात लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. निघताना तिनं त्याच्याकडे कागद दिला. ‘सोमवारी येशील ना?’ त्यानं ‘न येऊन जातो कुठं’ असं काहीतरी पुटपुटत कोट घातला. कागद कानाएनं घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी ते दोघं सकाळीच पोचले. सुमिए हिरव्या झग्यात पलंगाच्या कडेला बसली होती, केस टोपीत, पाय लोंबकळत. पेन, कागद सगळं कपाटात गेलं होतं. आत काही नेता येत नाही, नर्स म्हणाली. सुमिएनं नुसते हात उलटे करून दाखवले. मग सगळे चालत निघाले. आजकाल रोगी आपल्या पायांनीच आत जातो. कानाए तिचा हात धरून, पुढं नर्स, आणि मागं तोशिहारू. लिफ्ट आली. त्याला वाटलं, आता म्हणावं. लिफ्टमध्ये अनोळखी दोघे होते. बाहेर आल्यावर म्हणू, त्यानं ठरवलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दुसरी नर्स उभी होती. तिच्या टोपीवर मांजरं छापलेली होती. पिवळी, हसणारी, शेपटीला फीत बांधलेली मांजरं. तोशिहारूची नजर त्यांवर खिळली. ज्या खोलीत माणसाचा गळा चिरतात तिच्या दारात मांजरं. कुणाच्या डोक्यातून येतं हे? कुणीतरी बैठक घेतली असणार, रोग्यांना बरं वाटावं म्हणून, कुणीतरी ठराव लिहिला असणार, कुणीतरी मान डोलावली असणार. सगळा देशच पोरकट होत चालला आहे, शाया काय, मांजरं काय, मरणालासुद्धा फीत बांधल्याशिवाय यांना बघवत नाही. व्यवस्थापनाला एक पत्र लिहायला हवं, त्याला वाटलं, आणि त्याच्या मनात पहिलं वाक्य आपोआप तयार व्हायला लागलं, सरकारी वळणाचं, काळ्या शाईतलं, आणि ते चांगलं जमत होतं. नर्स काहीतरी विचारत होती. खात्री करून घेण्यासाठी तुमच्याच तोंडून, असं काहीसं. त्यानं वाक्यातला एक शब्द बदलला.

“…घशाचं,” कुणीतरी म्हणालं.

त्यानं दचकून मान वळवली. सुमिए त्याच्याचकडे बघत होती. दार सरकलं, तिनं कानाएचा हात सोडला, मांजरवाल्या नर्सनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दार पुन्हा सरकलं. आवाज न करता सरकणारी दारं होती.

“काय म्हणाली ती?” त्यानं विचारलं.

“कधी?”

“आत्ता. आत्ता बोलली ना.”

“नाव सांगितलं,” कानाए पर्समध्ये रुमाल शोधत म्हणाली. “जन्मतारीख. आणि ऑपरेशन कशाचं ते.”

“कसं सांगितलं?”

“कसं म्हणजे?” कानाएनं मान वर केली. “विचारलं तसं सांगितलं. अहो, तुम्ही इथंच तर उभे होतात.”

“होतो,” तोशिहारू म्हणाला.